डाव्या हाताला काम दिलं तेव्हा

माझे बाबा ऐंशीच्या दशकात बडोद्यात सर्किट बोर्डाची आर्टवर्क करायचे. दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल होतं. त्यावर मायलरची पारदर्शक प्लास्टिक फिल्म आणि फिल्मवर काळ्या टेपचे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटांचं चित्र. चित्र दुप्पट मापाचं काढायचं आणि फोटो घेऊन निम्म्यावर आणायचं. टेप वळवताना बाबांचा डावा हात टोक ताणून धरायचा, उजव्या हातातली सुरी अलगद कापायची. दोन्ही हात सतत कामात.

मी तेच काम संगणकावर करते, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांसाठी. ट्रान्सफॉर्मरच्या पॅनेलमध्ये बसणारे रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) आणि अलार्मचे बोर्ड बहुतेक. गेल्या पावसाळ्यात माझं उजवं मनगट इतकं दुखायला लागलं की पोळी लाटणं जमेना. फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही कामाला कशा बसता ते मला करून दाखवा." मी दाखवलं. उजवा हात माउसवर आणि डावा मांडीवर. अकरा वर्षं तो तसाच मांडीवर होता.

मी कीकॅड वापरते, सर्किट आणि बोर्ड आखायचा प्रोग्राम. ग्रेनोबलला शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं आणि पुढे सर्न या संशोधन संस्थेनंही त्याच्या विकासाला हातभार लावला. फुकट आणि खुलं असल्यामुळे एकटीने काम करणाऱ्या बाईला ते परवडतं. त्यात कीबोर्डचे शॉर्टकट आहेत हे मला माहीत होतंच. पण माझी समजूत अशी होती की शॉर्टकट म्हणजे त्याच बटणाचा दुसरा रस्ता, वेळ थोडा वाचतो इतकंच. ती समजूत चुकीची होती, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ट्रॅक टाकायचा तर मी उजव्या कडेच्या पट्टीवर जाऊन चिन्हावर क्लिक करायचे, परत पॅडवर (भागाचा पाय जिथे सोल्डर होतो त्या तांब्याच्या ठिपक्यावर) यायचे आणि तिथे पुन्हा क्लिक करायचे. एक्स दाबलं की असं होत नाही. कर्सर ज्या पॅडवर आहे तिथूनच ट्रॅक निघतो, सुरुवातीचं क्लिकच नाही. एमचंही तसंच: भाग आधी निवडायला नको, कर्सरखाली जो असेल तो उचलला जातो. आर दाबलं की तो फिरतो, एफ दाबलं की बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला जातो. ट्रॅक ओढता ओढता व्ही दाबलं की व्हाया, म्हणजे दोन थर जोडणारं भोक, पडतो आणि काम खालच्या थरावर चालू राहतं. तिरकी रेघ म्हणजे स्लॅश दाबली की ट्रॅक आधी सरळ जाऊन मग वळणार की आधी वळून मग सरळ, ते उलटतं. बॅकस्पेसने शेवटचा तुकडा मागे घेतला जातो. म्हणजे माउसने फक्त जागा दाखवायची आणि काय करायचं ते डाव्या हाताने सांगायचं. बाबांच्या टेबलावरची कामाची वाटणी नेमकी हीच होती.

शिकताना मी आठवड्याला तीनच अक्षरं घेतली. सगळी यादी कंट्रोल एफ१ दाबून दिसते, पण ती छापून भिंतीवर लावण्याचा मला काही उपयोग झाला नाही. मान वर करावी लागते आणि तोवर हात माउसकडे गेलेला असतो. पहिला आठवडा एक्स, व्ही आणि स्लॅश. पहिले चार दिवस काम हळूच झालं, एक बोर्ड द्यायला एक दिवस उशीरही झाला. दुसऱ्या आठवड्यात एम, आर, डी. डीने टाकलेला ट्रॅक पंचेचाळीस अंशांची शिस्त न मोडता सरकवता येतो, आणि हे एक अक्षर मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त प्रिय आहे.

अडचण आली ती सर्किट काढायच्या खिडकीत. तिथे हीच अक्षरं वेगळी बोलतात. बोर्डात व्ही म्हणजे व्हाया, सर्किटात व्ही म्हणजे भागाची किंमत बदलणं. बोर्डात डब्ल्यूने ट्रॅकची रुंदी बदलते, सर्किटात डब्ल्यूने तार सुरू होते. सर्किटात एक्सने चिन्ह आरशात पाहिल्यासारखं उलटतं. दिवसातून तीसेक वेळा या खिडकीतून त्या खिडकीत जायचं, आणि बोटं अक्षर लक्षात ठेवतात, खिडकी नाही.

म्हणून वेगळी बटणपट्टी करायचं ठरवलं. सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बदलता येतात, पण मग कारखान्यात दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर माझे हात निकामी झाले असते. पट्टीचं तसं नाही, ती पिशवीत टाकून नेता येते.

बारा बटणं, तीन ओळी आणि चार उभे स्तंभ. अशी जाळी केली की बारा बटणांना सातच पिना लागतात. प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. तो नसेल तर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही दाबल्यासारखं दिसतं. मेंदू म्हणून एटीमेगा ३२यू४ या चिपची छोटी पाटी, तिच्यात क्यूएमके हे कीबोर्डसाठीचं खुलं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. बटणांमधलं अंतर १९.०५ मिलिमीटर, भोकं १४ मिलिमीटरची चौकोनी. पहिल्या अ‍ॅक्रिलिक पाटीत बटणं सैल बसली, कारण लेझर स्वतःच्या रुंदीएवढं अ‍ॅक्रिलिक खातो हे मी मापात धरलं नव्हतं. दुसरी नीट आली. तारा हातानेच सोल्डर केल्या. एकच बटण मुकं निघालं, त्याचा डायोड उलटा लागला होता.

क्यूएमकेमध्ये थर असतात, म्हणजे थर बदलला की तेच बटण वेगळी कळ पाठवतं, आणि तीच माझ्या अडचणीची गुरुकिल्ली होती. मी बटणांना अक्षरं दिलीच नाहीत, कामं दिली. तर्जनीखालचं बटण "जोड". बोर्डाच्या थरात ते एक्स पाठवतं, सर्किटाच्या थरात डब्ल्यू. बोटाला एवढंच ठाऊक की इथे दाबलं की जोडणी सुरू होते. कोपऱ्यातल्या बटणाने थर बदलतो आणि दिवा हिरव्याचा निळा होतो. शेजारी फिरकी लावली, ती ट्रॅकची रुंदी बदलते. सिग्नलच्या बारीक ट्रॅकवरून रिलेच्या जाड ट्रॅकवर जाताना दोन खटके आणि काम झालं.

मॅक्रोच्या बाबतीत मात्र मी धडपडले. एका बटणात कळांची अख्खी साखळी भरता येते, म्हणून मी ग्रिड, म्हणजे भाग ज्या ठरावीक अंतरांच्या जाळीवर बसतात ती, बदलायला एन तीनदा दाबणारं बटण केलं. एन म्हणजे "यादीतली पुढची ग्रिड". सुरुवात कुठून झाली त्यावर शेवट ठरणार. एके दिवशी यादी वेगळ्या जागी होती आणि मी एक पूर्ण कनेक्टर चुकीच्या ग्रिडवर बसवला. बोर्ड बनवणाऱ्याला गर्बर फाइल (बोर्डाचे नकाशे) पाठवण्याआधी कनेक्टरची मापं त्याच्या माहितीपत्रकाशी ताडून बघते म्हणून ते सापडलं, नाहीतर बोर्ड खोक्यात बसलेच नसते. आता तिथे ऑल्ट १ आणि ऑल्ट २ आहेत. त्या दोन कळांना आपण नेमून दिलेली ग्रिडच येते, आधी काहीही असो. कुठल्याही अवस्थेत दाबलं तरी ज्याचा परिणाम तोच राहतो असं कामच मी आता बटणात भरते. बीने तांब्याची भरणी करून, म्हणजे बोर्डाची मोकळी जागा तांब्याने भरून, फाइल लगेच साठवणारं बटणही काढून टाकलं. मोठ्या बोर्डावर भरणीला वेळ लागतो, आणि साठवण्याआधी ती डोळ्यांनी बघायलाच हवी.

शेवटचा गोंधळ मराठीमुळे झाला. संध्याकाळी मी आईच्या आठवणी इनस्क्रिप्ट या मराठी कळरचनेत टंकून देते. एका सकाळी पट्टीचं एकही बटण चालेना. मी तारा तपासल्या, फर्मवेअर पुन्हा भरलं, अर्धा दिवस गेला. मग सहज मजकुराची खिडकी उघडून "जोड" दाबलं तर अनुस्वार उमटला. व्हायाच्या बटणाने न उमटला, उचलायच्या बटणाने स. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कळेच्या जागेचा आकडा पाठवतो. त्याचं अक्षर संगणक करतो, आणि माझा संगणक रात्रीपासून मराठीत होता. उबंटूच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी ठेवायची सोय आहे, ती चालू केली. आता आईचं लेखन मराठीत आणि कीकॅड इंग्रजीत, एकाच वेळी.

मनगट पूर्ण बरं झालंय असं म्हणणार नाही. थंडीत सकाळी आखडतं, व्यायाम चालू आहेत, पण पोळ्या लाटता येतात. मागच्या आठवड्यात बाबा माडीवर आले, माझ्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मी एक लांब ट्रॅक दोन व्हायांतून काढून रिलेपर्यंत नेला. "डावा हात बरा चालतो गं तुझा," म्हणाले, आणि पट्टीवरचं स्लॅशचं बटण काय करतं ते विचारलं. मी दाबून दाखवलं. ट्रॅकचं वळण पलटलं तसे ते वाकून जवळ आले. टेपवर ते वळण बदलायचं तर अख्खा तुकडा सोलून काढावा लागायचा. त्यांनी ते बटण स्वतः सात-आठ वेळा दाबून बघितलं.