लोणारचं निळं: नोंद तिसरी (छपाई, फिल्म, पॉडकास्ट)

स्थिती: सायनोटाइपच्या (उन्हानं उमटवायच्या निळ्या छायाचित्रांच्या) १२ छपायांपैकी ८ टिकल्या. निळा विरतानाचं चित्रीकरण दुसऱ्या खेपेला जमलं. पॉडकास्टची संहिता पक्की, ध्वनिमुद्रण निम्मं.

पहिल्या दोन नोंदी न वाचलेल्यांसाठी एवढंच: तिन्ही कामं एकाच रासायनिक गोष्टीवर टांगलेली आहेत. सायनोटाइपचा रंग म्हणजे प्रशियन निळा. तो सौम्य आम्लात सुखानं नांदतो, अल्कधर्मी पाण्यात मोडतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा सामू (पीएच) १०च्या आसपास. म्हणजे लोणारच्या विवराचं निळं चित्र लोणारसारख्याच पाण्यात पुसून दाखवता येतं. सरोवरातून बाटली भरून आणायचा मोह नको. ते अभयारण्य आहे आणि २०२०पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तसंही हे पाणी स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी बनतं.

पाणी

१ लिटर फिल्टरच्या पाण्यात ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ५.३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट. दोन्हींचे रेणू सारखे पडतात, त्यामुळे सामू १०च्या जवळ स्थिरावतो. बहुतेकांचं इथेच चुकतं: धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. खडे ५.३ नव्हे, १४.३ ग्रॅम घ्यावे लागतात. बरणी उघडी राहून खडे पांढरे, भुसभुशीत झाले असतील तर पाणी किती उडालंय याचा हिशेब लागत नाही. तसे खडे सरळ कपड्यांना वापरा. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्ल असतं.

नुसता धुण्याचा सोडा घातला तर सामू ११च्या वर जातो आणि पातळ थराची छपाई बघता बघता साफ होते. काम झटपट होतं, पण कॅमेऱ्याला काहीच सापडत नाही आणि ते लोणारही राहत नाही.

छपाई

द्रावण नेहमीचंच: २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलि पाण्यात, १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड वेगळ्या १०० मिलि पाण्यात, दोन्ही तपकिरी बाटल्यांत. लावायच्या वेळी सारख्या मापानं मिसळायचं. ए-४ कागदाला ३ मिलि पुरतं. सायट्रेटच्या बाटलीत बुरशी धरते. वरची साय काढून गाळलं तरी चालतं. ब्रशला धातूची पट्टी नको, लोखंडाचा कण लागला की निळे ठिपके उठतात. हातमोजे घाला. फेरीसायनाइड गरम किंवा तीव्र आम्लाजवळ नेऊ नका, विषारी वायू सुटतो.

दुपारच्या कडक उन्हात साधारण १० मिनिटं लागतात. ढग असतील तर घड्याळ नको, रंग बघा. पिवळसर हिरवा निळा होतो आणि मग गडद जागा उलट फिकट राखाडी दिसायला लागतात. तिथे थांबा. अॅक्रिलिकचं झाकण अतिनील किरण अडवत असेल तर वेळ कितीतरी वाढतो. साधी काच बरी.

बाद झालेल्या ४ छपाया बोअरच्या पाण्यात धुतलेल्या होत्या. बेसॉल्टमधलं पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असतं, धुता धुताच निळा उतरतो. आता पहिल्या धुण्यात लिटरला चिमूटभर सायट्रिक आम्ल घालतो. कागदातही चुन्याची भर असू शकते. पाकिटावर ‘आम्लरहित’ लिहिलेलं असलं की हरखून जाऊ नका, अशा कागदात बऱ्याचदा हाच चुना असतो आणि आपल्याला नेमका तोच नको असतो.

फिल्म

पहिली खेप वाया गेली ती व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिल्यामुळे. निळा जसजसा जातो तसतसा कॅमेरा रंग सावरून घेतो आणि विरणं दिसतच नाही. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, तिन्ही हातानं बांधून ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० ठेवला की लुकलुक कमी होते.

कॅमेरा ट्रेच्या वर सरळ खाली बघणारा, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. कागद पाण्यात गुंडाळी घेतो, म्हणून कडा जलरोधक टेपनं काचेवर चिकटवल्या. विरायला १० मिनिटं धरली तर दर २ सेकंदांना एक फ्रेम, म्हणजे ३०० फ्रेम, २५च्या वेगानं १२ सेकंद. आधी त्याच छपाईची पट्टी बुडवून तुमचा खरा वेळ काढा, थराच्या जाडीनुसार तो बराच बदलतो.

हाती लागलेली मौज वेगळीच. निळा मोडला की कागदात पिवळट लोह हायड्रॉक्साइड उरतं आणि फेरोसायनाइड पाण्यात उतरतं. कागद न धुता लगेच सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात टाकला तर निळा थोडा परततो. भरपूर धुतला तर नाही. परतणारा शॉट शेवटी ठेवण्याचा विचार होता, पण तो काढून टाकला. सरोवर असं परतत नाही आणि प्रेक्षक तसंच समजून बसेल.

पॉडकास्ट

‘पीएच’ सोडून ‘सामू’ घेतला. माती परीक्षणाच्या कागदावर हाच शब्द असतो आणि चोपण (अल्कधर्मी) जमीन म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. समजावायचं एवढंच उरतं की ७ ते १० म्हणजे तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी दहापट, मिळून हजारपट.

२०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं त्याचं कारण संहितेत नीट ठेवलंय: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे, रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. विवराच्या वयाबद्दल एकच आकडा ठोकून दिलेला नाही. जुना अंदाज सुमारे ५२,००० वर्षांचा, आर्गॉन पद्धतीचा सुमारे ५,७०,०००. दोन्ही सांगितले आहेत.

ध्वनीत अडचण वाहत्या पाण्याची. गोमुखाची (लोणारच्या काठावरच्या झऱ्याची) धार बोलण्याखाली ठेवली की व्यंजनं गिळते, कारण तिचा आवाज सगळ्या कंप्रतांवर पसरलेला असतो. धार वेगळी मुद्रित करायची, २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली दाबायचा आणि बोलणं थांबेल तिथेच वर आणायची. ६४ केबीपीएसच्या एमपी३त ही धार गुळण्या केल्यासारखी वाजते, त्यामुळे हा भाग १२८वर जाईल. खोलीतल्या घुमण्यावर दोन गोधड्या पुरल्या. पंखा मात्र बंदच.

बाकी: विरलेल्या पिवळट कागदांपैकी तीन कोऱ्या, गार चहात अर्धा तास. टॅनिन उरलेल्या लोहाला धरून तपकिरी-काळा रंग देतं, बेसॉल्टच्या जवळचा. पांढऱ्या जागाही चहाळतात, म्हणून चौथा कागद तुलनेला तसाच ठेवलाय.