गेम ठणठणीत आहे, कुलूप सडलंय

स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे डावपेच लढवून सैन्य किंवा राज्य चालवायचे गेम, संपत नाही, हीच त्याची खरी मजा. बाकीचे बरेच गेम स्टोरी संपली की बाजूला पडतात, पण सिव्हिलायझेशन, हीरोज ३, एज ऑफ एम्पायर्स २ असले गेम लोक वर्षानुवर्षं खेळतात, कारण दर वेळी मॅप वेगळा, शेजारी वेगळा, आणि मागच्या वेळी जमलेली चाल या वेळी जमेलच असं नाही. एज २ आला १९९९ मध्ये, आजही त्याच्या टूर्नामेंट होतात. अशा गेमला कोणी पाच-सात वर्षांत बंद पडेल असल्या कंपनीच्या सर्व्हरच्या (नेटवरून त्याला जोडल्याशिवाय गेम चालतच नाही) दावणीला बांधलं तर डोकं फिरणारच ना. माझं फिरतं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते. ड्यून २ (१९९२) मध्ये एका वेळी एकच युनिट (सैनिक किंवा रणगाडा) सिलेक्ट व्हायचं, म्हणजे सगळे रणगाडे पुढे न्यायचे तर प्रत्येकाला वेगळा हुकूम. स्टारक्राफ्टमध्ये एका वेळी बाराच्या वर युनिट धरता यायची नाहीत. पहिल्या एज ऑफ एम्पायर्समध्ये तर पुढची युनिट बनवायला आधीच रांगेला लावायची सोयच नव्हती, ती नंतर राइज ऑफ रोम या त्याच्या जोड-भागात आली. नवीन गेम या बाबतीत खूप पुढे गेलेत, सुप्रीम कमांडरचा (२००७) तो झूम, आख्खं रणांगण एका नजरेत, किंवा २०१२ चा एक्सकॉम, त्याने १९९४ च्या मूळ गेममधली टाइम युनिटची (प्रत्येक हालचालीला किती वेळ खर्च होईल त्याची) आकडेमोड काढून टाकली आणि प्रत्येक सैनिकाला फक्त दोन ॲक्शन दिल्या, आणि तरी एखादा जुना सैनिक गेला की जीव तुटायचा तो तुटतोच. जुन्या गेमचं मला आवडतं ते एवढंच की नियम डोक्यात मावतात. हरले तर का हरले हे मला कळतं, सतरा मेनू उघडून कुठला बोनस कुठे लागला ते शोधत बसावं लागत नाही. पण हे झालं आवडीनिवडीचं, ज्याचं त्याने ठरवावं.

कॉपी प्रोटेक्शनचं, म्हणजे गेमची चोरून कॉपी होऊ नये म्हणून घातलेल्या कुलपाचं, तसं नाही. तेही जुन्या काळी होतंच म्हणा, १९९१ ची सिव्हिलायझेशन खेळता खेळता मध्येच प्रश्न विचारायची, अमुक शोधाच्या आधी कुठले दोन शोध लागतात, आणि उत्तर मॅन्युअलमध्ये असायचं. पुरेसं खेळलेल्या माणसाला ते तसंही पाठच असायचं. सेटलर्स ३ (१९९८) ला कॉपी चोरीची वाटली तर लोखंडाच्या भट्टीतून लोखंडाऐवजी डुकरं बाहेर यायची! आणि स्टारक्राफ्टने १९९८ मध्ये काय केलं बघा, एका सीडीवर आठ जण मल्टिप्लेअर (एकमेकांविरुद्ध) खेळू शकतील अशी स्पॉन इन्स्टॉलची सोय दिली. कंपनीनेच दिली, अधिकृत. स्टारक्राफ्ट २ आला २०१० मध्ये आणि त्यात लॅनच (नेटशिवाय मशीन थेट एकमेकांना जोडून खेळायची सोय) नाही, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी पण कंपनीच्या सर्व्हरवरूनच खेळायचं.

त्याच वर्षी कमांड अँड कॉन्कर ४ आला, एकट्याने कॅम्पेन खेळायला सुद्धा नेट सतत चालू पाहिजे. २०११ च्या ॲनो २०७० ला ॲक्टिव्हेशन (मशीनवर गेम चालू करायची परवानगी) फक्त तीन, आणि ग्राफिक्स कार्ड बदललं तरी त्यातलं एक जायचं. सिमसिटी मार्च २०१३ मध्ये आली तेव्हा सर्व्हर इतके कोसळले की पैसे भरलेल्या लोकांना स्वतःचं शहर उघडता येईना, त्यांना सांगितलं गेलं की गेमचा हिशोबच सर्व्हरवर होतो, आणि वर्षभराने त्याच गेमला ऑफलाइन मोड आला. म्हणजे जमत होतं.

माझा स्वतःचा वैताग साधा आहे. नेट गेलेलं, संध्याकाळ मोकळी, म्हटलं चला अर्धवट राहिलेली मोहीम पूर्ण करू. एकटीने खेळायचा गेम, सगळ्या फाइल्स माझ्याच मशीनवर. तर लाँचर (गेम ज्यातून उघडतो तो कंपनीचा प्रोग्राम) म्हणतो आधी लॉगिन करा. ऑफलाइन मोड आहे, पण तो चालू करायलाही आधी ऑनलाइन यावं लागतं. ज्याने गेम चोरून उतरवलाय त्याला यातलं काहीच दिसत नाही, तो डबलक्लिक करतो आणि खेळतो. म्हणजे जाच नेमका पैसे देणाऱ्यालाच, याचा मला मनापासून राग येतो.

डिस्कवाल्या गेमची तर वेगळीच कथा. २००० च्या आसपासच्या कितीतरी गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, ते विंडोजच्या एका ड्रायव्हरवर चालायचं. हा ड्रायव्हर सिस्टिममध्ये खोलवर बसायचा आणि सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक होता, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही आणि जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केला. निर्णय बरोबरच होता. पण परिणाम असा की ओरिजिनल डिस्क घेऊन बसलेला माणूस तोच गेम चालवायला क्रॅक (कुलूप तोडणारी फाइल) शोधत फिरतो, कुठल्या तरी भलत्या साइटवरची फाइल आपल्या मशीनवर घेतो.

कंपन्यांचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, गेम बनवणाऱ्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. पण दुसरा रस्ता आहे. गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २ (२००६) ची डिस्क कुठल्याही कॉपी प्रोटेक्शनशिवाय विकली गेली, अपडेट हवे असतील तर सिरियल नंबर टाका, बस, आणि तो गेम चांगला खपला. जीओजी ही ऑनलाइन दुकान-साइट २००८ पासून बिनकुलपाचे गेम विकतंय. कमांड अँड कॉन्करची रीमास्टर (नव्याने घासूनपुसून काढलेली आवृत्ती) २०२० मध्ये काढताना ईए या कंपनीने तर सोर्स कोडचा काही भागही मॉड (गेममध्ये स्वतःचे बदल) बनवणाऱ्यांसाठी खुला केला.

मी आता नवा स्ट्रॅटेजी गेम घेताना आधी एवढंच बघते की इन्स्टॉलर (गेम मशीनवर बसवायची फाइल) स्वतःकडे ठेवता येतो का, आणि आला की एक्स्टर्नल ड्राइव्हवर टाकते, एक कॉपी अजून दुसरीकडे. ज्याचा येत नाही तो कितीही आवडला तरी सेलशिवाय घेत नाही. बाकी युरोपात स्टॉप किलिंग गेम्स या खेळाडूंच्या मोहिमेच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्यात, त्यांची मागणी एवढीच की विकलेल्या गेमचा सपोर्ट बंद करताना तो गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. शेवटचा एक पॅच काढायचा, ज्याने सर्व्हरची विचारपूस बंद होईल. गेम बनवता येतो त्यांना हा पॅचही बनवता येईल.