तुम्ही विचारलंत म्हणून : डिशवॉशर घ्यावा का?

“खरंच निघतात का गं भांडी त्यात? आपल्या शेवभाजीची?” नणंदा, जावा, शाळेतल्या सहकारी शिक्षिका, सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर हो आहे. आमचं जळगावातलं एकत्र कुटुंब, आठ माणसं, तिघांच्या नोकऱ्या, दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक. अशा घरात डिशवॉशर घ्यावाच असं मी म्हणेन. पण आपल्या खान्देशात हा प्रश्न आधी पाण्याचा आहे आणि मग भांड्यांचा. दुकानात माहिती देणारा माणूस पाण्याबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून मला ते जास्त सांगायचंय.

आधी शेवभाजीचं सांगून टाकते. वाटीच्या काठाला काळ्या मसाल्याची तर्री वाळून बसली असली तरी ती निघते, कारण आत ६५ ते ७० अंशांपर्यंत तापलेलं पाणी वापरता येतं. आपला हात एवढं गरम पाणी सोसूच शकत नाही. शिवाय त्या साबणात पिष्ट आणि प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. त्यामुळे ताटाला चिकटलेली भाताची शितं, वरण, कणीक सुटून येते. ताटं आधी विसळायची गरज नाही, खरकटं तेवढं झटकायचं. मात्र लावायची पद्धत शिकून घ्यावी लागते. आत पाण्याच्या जोरावर फिरणारे पंखे असतात आणि त्यांच्या भोकांतून फवारा उडतो. जिथे फवारा पोहोचत नाही ते भांडं तसंच राहतं. वाट्या पालथ्या, ताटं मधोमध तोंड करून, एकाला एक चिकटू न देता. आपली खोल ताटं एकात एक बसली की मधला भाग कोरडाच राहतो. उलथन्याचा दांडा खाली लोंबला तर पंखाच अडतो. दार लावण्याआधी पंखा बोटानं एकदा फिरवून बघायचा, एवढी सवय लावून घ्या.

आता पाणी. जळगावात नळ रोज येत नाही. धुळ्याकडच्या लोकांनी तर आठवडा-आठवडा नळाची वाट बघत दिवस काढलेत. मशीन एका वेळेला साधारण १० ते १२ लिटरमध्ये पूर्ण भरलेली भांडी धुतं. नळ चालू ठेवून धुतलं तर मिनिटाला ६ ते ८ लिटर सहज जातात, म्हणजे दोन मिनिटांत मशीनचं सगळं पाणी संपलं. पण ज्यांच्याकडे अजून मोरीत बादलीच्या हिशेबानं भांडी होतात, त्यांची बचत एवढी मोठी नाही, हेही खरं.

पाण्याची दुसरी बाजू अशी, की नळ आला नाही की आपण बोअरचं पाणी टाकीत सोडतो, आणि ते जड असतं. बादलीच्या कडेला, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच काचेच्या ग्लासांवर आणि मशीनच्या आत धरतो. म्हणून डिशवॉशरमध्ये वेगळं मीठ घालावं लागतं. ते भांडी घासायला नसतं. आत पाणी मऊ करणारी राळ असते, ती पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते, आणि मिठानं ती पुन्हा ताजी होते. पाणी किती जड आहे ते तपासून मशीनवर तो आकडा लावून घ्यायचा. मशीन बसवायला येणाऱ्या माणसाकडून हे समोर उभं राहून करून घ्या. आणि स्वयंपाकाचं मीठ घालू नका. ते बारीक असतं, त्यात इतर पदार्थही मिसळलेले असतात, त्यानं आतली यंत्रणा तुंबते.

टाकी किती उंच आहे तेही बघा. बऱ्याच मशीनना निदान अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळाच्या सुमारे ५ मीटर वर हवी. बैठ्या घरात धाब्यावर लगेच टाकी असेल तर छोटा पंप बसवावा लागेल. लाइट गेली तर बहुतेक मशीन परत आल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू लागतं, ती काळजी नको.

सगळी भांडी यात जात नाहीत. लोखंडी तवा गंजतो, अ‍ॅल्युमिनियमची कढई काळी पडते, पितळेची चमक जाते, लाकडी काठवट तडकते. मातीच्या खापराचा तर प्रश्नच नाही. वांग्याच्या भरताच्या दिवसांत वीस-पंचवीस माणसं जेवायला असली तर मशीनचा उपयोग थोडाच. तिथे केळीचं पानच बरं, आणि रावेर-यावलच्या जिल्ह्यात ते मिळायला काय तोटा?

म्हणून आमच्या मावशी अजून येतात. मोठी भगोनी, परात, तवे त्यांच्याकडे, आणि त्यांचा पगार आम्ही कमी केलेला नाही. मावशींच्या पगाराशी तुलना करून मशीन घेऊ नका, ते पटण्यासारखं गणित निघत नाही. साबण, मीठ, चकाकीचं द्रावण आणि वीज धरून आम्हाला एका धुण्यामागे पंचवीस-तीस रुपये पडतात, मशीनची किंमत वेगळी.

मशीनचा खरा उपयोग रात्री. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जाऊन आलेला असतो, टाकीतलं पाणी रात्री दहालाही कोमट येतं, आणि जेवणानंतर घरातली एक बाई मोरीत वाकलेली असते. ती बाई कोण, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. आमच्याकडे ती माझी धाकटी जाऊ होती. सगळ्यांनी हातभार लावायचा असं आमचं अनेकदा ठरलं, पण घासणी हातात घ्यायला पुरुष कधी उठले नाहीत. आपलं ताट उचलून खाचेत लावायला मात्र उठतात. सासूबाई शिरपूरकडच्या, सुरुवातीला म्हणाल्या होत्या, “भांडा घासाले मशीन लागस का?” आता वाट्या त्याच लावतात, आणि आमच्यापेक्षा नीट लावतात. जाऊ त्या वेळात बी.एड.चा अभ्यास करते. हा बदल मला पैशापेक्षा फार मोठा वाटतो.

घरात दोघंच असाल तर घेऊ नका. मशीन भरायला दोन दिवस लागतील आणि तोवर आत वास सुटेल. मोठ्या घरात ठरत नसेल तर एक दिवस असं करा : दिवसभराची सगळी भांडी ओट्यावर मांडून ठेवा, आणि स्टील-काचेचा ढीग एकीकडे, लोखंड-पितळ-लाकडाचा दुसरीकडे करा. पहिला ढीग दुपटीनं मोठा निघाला तर मशीन घ्या, आणि १२ नाही, १४ जणांच्या मापाचं घ्या, म्हणजे कुकरची भांडीही मावतील.