आधी भोक, मग मूठ

कोरीव कामाच्या पटाशा बिनमुठीच्या मिळतात, जुन्या असतील तर मूठ पिचलेली तरी असते नाहीतर ढिली तरी, आणि मूठ बसवणं म्हणजे पाच मिनिटांचं काम असं बऱ्याच जणांना वाटतं. लाकूड घेतलं, भोक पाडलं, ठोकलं, झालं. मला हे अजिबात पटत नाही. पातं कितीही भारी पोलादाचं असू दे, मूठ थोडी जरी तिरकी बसली ना तर प्रत्येक कापाला मनगट तो तिरकेपणा सांभाळत बसतं, आपल्याला कळतही नाही आणि संध्याकाळी हात दुखतो तेव्हा आपण दोष देतो लाकडाला किंवा धारेला.

आणि तिरकी बसते ती का, तर लोक आधी छान गुळगुळीत मूठ बनवतात आणि मग तिच्यात भोक पाडायला जातात. गोल, निमुळत्या वस्तूत बरोब्बर मधून सरळ भोक पाडणं कोणालाही अवघडच आहे. त्यापेक्षा चौकोनी ठोकळा घ्या, त्याच्या चारही बाजू काटकोनात करून घ्या, टोकाला कर्ण मारून मध्य काढा आणि भोक आधी पाडा. चौकोनी असल्यामुळे तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या शिकंज्यात, सरळ धरता येतो, गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून ड्रिल दोन बाजूंनी बघता येतं. भोक समजा जरासं कलंडलंच तरी काही बिघडत नाही, कारण मूठ अजून घडायचीच आहे, ती त्या भोकाच्या रेषेभोवती घडवायची. लेथ असेल तर भोकाचं तोंडच सेंटरवर धरायचं, लेथ नसेल तर पातं हलक्या हाताने आत सरकवून, लांबून एक डोळा मिटून बघायचं आणि पात्याच्या रेषेत पेन्सिलीने खुणा करून तासायचं.

आता भोक कसं, हा खरा मुद्दा. पात्याचं मागचं शेपूट, ज्याला टँग म्हणतात, ते बहुतेक वेळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे एकाच बिटने पाडलेलं भोक एकतर वर घट्ट होतं नाहीतर खाली मोकळं राहतं. तीन ठिकाणी माप घ्या, टोकाशी, मध्ये आणि खांद्यापाशी, म्हणजे टँग संपून पातं सुरू होतं तिथल्या जाड भागापाशी, आणि तीन बिट वापरून पायऱ्यांचं भोक करा, बारीक बिट पूर्ण खोलीपर्यंत, मधलं अर्ध्यापर्यंत, जाडं फक्त तोंडाशी. बिट निवडताना एक लक्षात ठेवा, टँग 5 मिमी चौकोनी असेल तर त्याचा कर्ण साधारण 7 मिमी भरतो, म्हणून साडेपाचचं बिट घेतलं की चारही कोपरे लाकडात रुततात आणि पातं मुठीत फिरत नाही. साताचं घेतलं तर ते फिरणारच. खोली टँगपेक्षा दोन-तीन मिमी जास्त ठेवायची, नाहीतर टोक तळाला टेकतं आणि खांदा बसायचा राहतो.

हा खांदा मुठीच्या तोंडावर पूर्ण टेकलाच पाहिजे, इथे तडजोड नको. तो टेकलेला नसेल तर मोगरीच्या प्रत्येक ठोक्याला टँग पाचरीसारखी आत घुसत राहते आणि एक दिवस मूठ उभी चिरते. मुठीच्या तोंडाभोवती कडं असतं ते चिरू नये यासाठीच, पितळी किंवा तांब्याच्या पाइपचा तुकडा चालतो, पण लाकडावर ते दाबून बसलं पाहिजे, सैल कडं नुसतंच शोभेला.

हाताने ढकलून पातं आत घालायचं आणि खांदा तोंडापासून पाच-सहा मिमी लांब राहिला पाहिजे. त्याहून जास्त अंतर असेल तर ठोकू नका, परत बाहेर काढा, टँगवर जिथे लाकूड घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसतात त्या उंचीवर भोक थोडं मोठं करा. मग पातं व्हाइसमध्ये टँग वर करून धरायचं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि चामडं लावून, अगदी खांद्याच्या खालीच. गोल पटाशीचा वळलेला भाग जबड्यात आवळायचा नाही, कडक पोलाद आहे ते, तडा जाऊ शकतो. आता वरून मुठीवर लाकडी मोगरीने ठोके, आणि प्रत्येक दोन-तीन ठोक्यांनी थांबून रेषेत आहे का बघायचं. आवाज बदलतो, पोकळ टकटक जाऊन भरीव ठक येतो, तेव्हा खांदा टेकलेला असतो.

टँग लाल करून जाळत बसवायची जुनी पद्धतही आहे. मला ती फारशी आवडत नाही, जळालेला कोळशाचा थर नंतर भुगा होऊन मूठ ढिली पडते, आणि उष्णता धारेपर्यंत गेली, पोलादावर निळा रंग चढला, की तिथला कडकपणा गेला समजा. करायचंच असेल तर पात्याला ओलं फडकं गुंडाळून करा.

लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या. ओलं लाकूड लांबीत जवळपास आटत नाही पण रुंदीत चांगलंच आटतं, त्यामुळे आज घट्ट असलेलं कडं काही महिन्यांनी हातात येतं. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणाऱ्या हव्यात, गाठ नको. बाभूळ, शिसव, बीच, ॲश सगळी चालतात, मोगरीने ठोकायची पटाशी असेल तर मी बाभळीकडेच वळतो. आकार अष्टकोनी ठेवा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, टेबलावरून घरंगळत नाही आणि न बघता कळतं की धार कुठल्या बाजूला आहे.

वर व्हार्निश नको, घामाच्या हाताला ते निसरडं लागतं. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, मध्ये पुसून, पुरे झाले. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेली फडकी आपोआप पेटू शकतात, ती बाहेर उघड्यावर पसरून वाळत घाला.