तात्यांची खटखटी

हनुवटीला कापसाचा बोळा चिकटवून आठवीच्या वर्गात गेलो त्या दिवशी पहिल्या बाकावरच्या पोरानं विचारलं, सर, मांजरानं ओरबाडलं का? म्हणलं हो, माझ्या आज्याच्या मांजरानं. पोरं हसली, विषय संपला. पण ते मांजर अजून घरात आहे, दाढीच्या रेझरची, चष्म्याच्या केसएवढी, निकेलचा मुलामा दिलेली डबी आहे, आणि गेले चार महिने मी तिच्याशी झटतोय.

डबी सापडली अंबाजोगाईच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, हाली सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या चलनाची, चार नाणी आणि एक फुटकी दौत यांच्या शेजारी. आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे तेव्हा ते तहसिलात पेशकार, म्हणजे कारकून, होते, म्हणजे ४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधीची गोष्ट, आणि कामानिमित्त हैदराबादला गेले की तिथल्या आबिदच्या बाजारातून काहीतरी विलायती घेऊन यायचे असं नाना, म्हणजे माझे वडील, सांगतात. डबीवर कोरलंय, रोल्स रेझर, इंपिरियल नंबर २. गाडीवाल्या रोल्स रॉइसशी ह्याचा काडीचा संबंध नाही, हे मी स्टाफरूममध्ये आत्तापर्यंत दहा वेळा सांगितलंय.

वस्तू काय आहे ते नीट सांगतो, कारण बघितल्याशिवाय कळत नाही. आपण वापरतो ते दोन्हीकडून धार असलेलं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, चार-सहा दाढ्या केल्या की फेकून द्यायचं. ह्यात तसं नाही. ह्यात एकच पातं, एकाच बाजूनं धार, पाठीकडं जाड आणि धारेकडं पातळ होत गेलेलं, म्हणजे न्हाव्याच्या वस्तऱ्याचा बोटभर तुकडाच समजा. ते डबीच्या आत एका सरकत्या गाड्यावर बसवलेलं. डबीला दोन्हीकडून झाकणं, एकाच्या आतून चामडं, दुसऱ्याच्या आतून धार लावायचा दगड. एक झाकण काढायचं, मधली दांडी धरायची आणि पुढं-मागं करायची, दर फेरीला पातं आपोआप कूस बदलतं आणि खट्ट आवाज होतो. धार झाली की पातं सोडवून दाढीच्या दांडीला लावायचं, धारेपुढं एक संरक्षक पट्टी येते म्हणून ह्याला सेफ्टी रेझर म्हणायचं. (सेफ्टी हा शब्द माझ्या हनुवटीसमोर उच्चारू नका.)

तो खट्ट आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी सुट्टीत अंबाजोगाईला गेलो की पहाटे अंथरुणात ऐकू यायचा, खट-खट, खट-खट, मध्ये जरा थांबून परत. मला वाटायचं तात्या काहीतरी छापतायत. ती दाढीची तयारी होती हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग काय, उत्साह. ह्या वस्तूबद्दल वाचत बसलो. गंमत म्हणजे हे सगळं जिलेटच्या बरोबर उलट डोकं आहे. किंग जिलेटनं १९०३ साली विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला, कारण आयडिया भारी होती, वापरा आणि फेका, परत दुकानात या. रोल्सवाल्या इंग्रजांनी १९२० च्या दशकात ठरवलं की आपलं गिऱ्हाईक परत यायलाच नको, एक पातं आयुष्यभर. अशी कंपनी किती दिवस टिकणार. पुढं जॉन ब्लूम नावाच्या माणसानं ती ताब्यात घेऊन तिच्या नावावर कपडे धुवायची मशिनं विकली आणि १९६४ ला सगळं बुडालं. पातं मात्र लातुरात आमच्या बेसिनवर आहे, म्हणजे इंग्रजांचा शब्द खरा निघाला म्हणायचं.

पहिली दाढी एका रविवारी. डबी पुसली, गंजाचे दोन ठिपके होते ते घासले, दांडी पन्नास वेळा खटखटवली आणि गालावर लावली. ओढलं तर केस कापले नाहीत, उपटले. डोळ्यात पाणी. सवयीनं जोर दिला, कारण पाच पात्यांच्या प्लॅस्टिकच्या रेझरला आपण जोरच देत असतो, आणि त्या जोरानं हनुवटी गेली. तुरटी लावली तर बायको बाहेरून म्हणे, अहो, ओरडताय काय! अर्धा गाल तसाच, उरलेली दाढी रोजच्या रेझरनं उरकली.

पुढचे तीन रविवार हेच. मग डबी खिशात घालून एका म्हाताऱ्या वारकाकडं, म्हणजे न्हाव्याकडं, गेलो, लहानपणापासून त्यांना मामा म्हणतो. आता त्यांच्या दुकानातही खरा वस्तरा नाही, मधोमध मोडलेलं अर्धं ब्लेड घालायचा उस्तरा आहे, दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, आणि ते बरोबरच आहे, रोगराईचा प्रश्न असतो. पण मामांनी डबीतलं पातं काढलं, उजेडात तिरपं धरलं, अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवलं आणि म्हणाले, "सर, ह्याला धार न्हाई राहिली. दातं पडलेत. कशावर पाजळता?" म्हणलं, चामड्यावर, दर रविवारी, पन्नास वेळा. मामांना पटलं नाही पण बोलले नाहीत. दांडी कशी धरायची ते मात्र दाखवलं, शेवटाला, तीन बोटांच्या टोकात, मूठ करायची नाही. "मूठ केली की राग येतो हाताला," म्हणाले. पैसे घेतले नाहीत, चहा मलाच पाजला.

तिथं मला वाचलेलं एक आठवलं. २०२० साली अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी हेच तपासलं होतं, की केसापेक्षा पन्नासपट कडक असलेलं पोलाद केसानं बोथट कसं होतं. तर धार हळूहळू झिजते एवढंच नसतं, केस वाकून तिरपा लागला की धारेचा बारीकसा टवका उडतो. मामा ह्यालाच दातं म्हणत होते. त्यांना नखावर कळलं, तिकडं सूक्ष्मदर्शक लागला.

पण पन्नास वेळा चामड्यावर लावूनही दातं का राहतात, हे काही कळेना. कळलं ते नानांमुळं. नाना ७९ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं तरी वाचायला त्रास होतो, कान मात्र असे की गल्लीत दूधवाल्याच्या गाडीचा आवाज आमच्या आधी त्यांना येतो. एका रविवारी मी खटखटवत होतो तर आतल्या खोलीतून आवाज आला, "अरे, दगडावर काय घासतोय दर रविवारी?"

म्हणलं, नाना, चामडं आहे.

"चामडं नाही ते. चामड्याचा आवाज भरल्यासारखा येतो. हा खर्र करतोय. तात्या दगड लावायचे तेव्हा आई म्हणायची आज काय सण आहे का, इतक्या दिवसांनी लावायचे."

जाऊन बघितलं. झालं असं की सत्तर वर्षांच्या मळानं दगड आणि चामडं दोन्ही सारखेच काळपट दिसत होते, आणि मला वाटलं ज्या बाजूचं झाकण काढलं ती बाजू वापरात आली. तसं नसतं हो! काढलेलं झाकण बाजूला पडतं, पातं घासतं ते खाली राहिलेल्या झाकणावर. म्हणजे मी दर रविवारी चामडं बाजूला काढून ठेवत होतो आणि पातं दगडावर पन्नास वेळा फरफटत होतो. पोरांना आठ वर्षं विज्ञान शिकवतोय मी, हे इथं लिहायला नको होतं.

नाना उठून बेसिनपाशी आले. दगडाचं झाकण काढायला लावलं, चामडं वर आलं की त्यावर तळहात घासायला लावला, बराच वेळ, गरम होईपर्यंत, तात्या तसं करायचे म्हणे. मग दांडी स्वतः धरली. हात थरथरतो त्यांचा, चहाची बशी धरवत नाही, पण दांडी चालू झाल्यावर ठेका बरोबर पडला. खट-खट. खट-खट. मग थांबून परत. मी नुसता उभा राहिलो.

त्यानंतर गाडी रुळावर आली. अर्थात दगडानं केलेलं नुकसान एकदा दगडानंच नीट करावं लागलं, हलक्या हातानं, मामांच्या देखरेखीखाली. आता गरम पाण्याचा नॅपकिन दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवतो, केस पाणी पिऊन मऊ होतात, हे सगळ्यांना माहितीये आणि कुणी करत नाही. डाव्या हातानं कातडी ताणायची, पातं जवळजवळ गालावर आडवं झोपवायचं, आणि केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं फक्त वजनावर सोडायचं. बरोबर चाललं की वाळक्या गवतावरून चालल्यासारखा बारीक आवाज येतो, चुकलं की आवाजच बंद. मानेवर डावीकडं माझा भोवरा आहे, तिथं केस कुठल्या दिशेला आहेत ते अजून मला कळलेलं नाही, तिथं मी मुकाट्यानं जुना रेझर घेतो.

ह्यात एक फायदा लातूरकर म्हणून सांगतो. सगळी दाढी एका तांब्यात होते, कारण पाच पात्यांच्या मध्ये अडकलेले केस काढायला जसा नळ सोडावा लागतो तसा इथं लागत नाही, एकच पातं, बुडवलं की साफ. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून जलदूत रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन स्टेशनात आली ते ज्यांनी बघितलंय त्यांना नळ सोडून दाढी करणारा माणूस अजून बघवत नाही. मला तरी.

पातं लगेच पुसून कोरडं करायचं, हे विसरलात की संध्याकाळपर्यंत गंज. मी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावतो. खोबरेल लावून बघितलं होतं, थंडीत थिजलं.

परवा रविवारी आतून विचारणा झाली, किती झाले? म्हणलं, वीस. नाना म्हणाले, तात्या चाळीस करायचे. मग परत झाकण काढलं, आणि ह्या वेळी कुठलं काढलं ते बघून घेतलं.