सोलापूर–पुणे क्वांटम दुवा: हिऱ्यातला कोणता दोष घ्यावा?

सोलापूर आणि पुण्यातल्या क्वांटम अवस्था एकेका फोटॉनने (प्रकाशाच्या कणाने) जोडायच्या आहेत, असे धरू. त्यासाठी हायवेच्या कडेने फायबर टाकली, तर ती साधारण २५० किलोमीटर भरेल. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट होते. एकूण ५० डेसिबल, म्हणजे लाख फोटॉन सोडले तर पुण्यात एक पोचतो. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवून भागत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निघत नाही. म्हणून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशा टप्प्यांवर मेमरी, म्हणजे क्वांटम अवस्था साठवायची सोय, असलेले रिपीटर (दुवा टप्प्याटप्प्याने जोडणारी केंद्रे) लागतात.

ही मेमरी हिऱ्यात मिळते. कार्बनच्या एका जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, हा एनव्ही (नायट्रोजन-व्हेकन्सी) दोष. त्याचा इलेक्ट्रॉन स्पिन (इलेक्ट्रॉनचा इवल्या चुंबकासारखा गुण) फोटॉनशी गुंफता येतो, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकींशी बांधता येतात, आणि जवळच्या कार्बन-१३ च्या अणुकेंद्रात अवस्था साठवता येते. अडचण रंगाची आहे. एनव्हीचा उपयोगी प्रकाश ६३७ नॅनोमीटरचा, आणि तिथे घट किलोमीटरमागे ८ डेसिबलच्या आसपास! दहा किलोमीटरांतच दहा कोटींतला एक फोटॉन उरतो. त्यात नेमक्या त्या रेषेत जेमतेम ३ टक्के फोटॉन येतात.

मग रंग बदलावा लागतो. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात १०६४ नॅनोमीटरचा पंप लेसर (रंग बदलायला मदत करणारा जोरदार प्रकाश) सोडला, की ६३७ चे १५८८ होतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२४ साली याच मार्गाने डेल्फ्ट आणि हेग २५ किलोमीटर फायबरने गुंफले. पण इथे पंपाची तरंगलांबी १५८८ पेक्षा कमी आहे, त्यामुळे पंप स्वतःच तिथे नको ते फोटॉन तयार करतो. अरुंद फिल्टर लावावेच लागतात, आणि ते थोडे खरे फोटॉनही खातात.

म्हणून माझा कल सिलिकॉनच्या दोषाकडे आहे, ज्यात दोन रिकाम्या जागांच्या मधोमध सिलिकॉनचा अणू असतो. ७३७ चा प्रकाश १६२३ च्या पंपाने १३५० वर आणता येतो. पंप लांब लहरीचा, त्यामुळे गोंगाट कमी. रचना सममित असल्याने आसपासच्या विद्युतभारांनी त्याची रेषा फारशी हलत नाही, म्हणून तो नॅनो-पोकळीतही (प्रकाश कोंडणाऱ्या अतिसूक्ष्म रचनेतही) टिकतो. हार्वर्डच्या गटाने २०२४ साली बोस्टन परिसरातल्या ३५ किलोमीटर फायबरवर तो वापरला. किंमत मोजावी लागते ती थंडीची: एनव्हीला ४ केल्विन पुरतात, याला ०.१ केल्विनच्या आसपास जावे लागते. शिवाय १३५० ला घट ०.३ डेसिबलच्या घरात, म्हणजे टप्पे आणखी जवळ घ्यावे लागतील.

केबल मात्र जमिनीखालूनच न्यावी, कारण दोन बाजूंचे फोटॉन नेमक्या वेळी पोचायला हवेत. तापमान एका अंशाने बदलले की किलोमीटरमागे प्रकाशाचा वेळ सुमारे ४० पिकोसेकंदांनी सरकतो. खांबावरची ५० किलोमीटर केबल सोलापूरच्या मे महिन्यात १० अंशांनी तापली, तर फरक २० नॅनोसेकंदांचा.

सगळ्यात अवघड काम मेमरीचे. ५० किलोमीटर जाऊन परत येण्याच्या एका फेरीला अर्धा मिलीसेकंद लागतो, आणि शेजारचा टप्पा जुळेपर्यंत असे कित्येक प्रयत्न होतात. प्रत्येक प्रयत्नात इलेक्ट्रॉन स्पिन पुन्हा मूळ अवस्थेत आणावा लागतो, आणि एनव्हीत त्या धक्क्याने कार्बन-१३ मधली साठवण थोडी थोडी बिघडते.