तार आखडावी, ताणावी की झिजवावी

सोलापूर, रविवार, रात्र

येत्या गुरुवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. तिथे ते विचारतील आणि मी गडबडून काहीतरी सांगेन, त्यापेक्षा आवाज बायकांसारखा उंच करणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी माझे म्हणणे आधी कागदावर उतरवलेले बरे. हार्मोन्स सुरू करून तीन वर्षे झाली. त्वचा बदलली, चेहराही बराच बदलला. आवाज मात्र जिथल्या तिथे राहिला, कारण कंठ फुटताना एकदा लांब आणि जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने पुन्हा लहान होत नाहीत. टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब पाहते. फोनवर ‘साहेब’ म्हणणारे व्यापारी प्रत्यक्ष समोर येऊन बसले की आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहतात.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची वीणा मी लहानपणी लावत असे. तारेचा सूर चढवायचा तर बोट दाबून तार आखूड करावी, खुंटी पिळावी किंवा बारीक तार लावावी. वाचता वाचता लक्षात आले, की शस्त्रक्रियाही बहुतेक याच तीन वाटांनी जातात.

आखूड करण्याची रीत बर्लिनच्या युर्गेन वेंडलर यांनी १९९० च्या सुमारास मांडली. तोंडावाटे दुर्बीण घालून दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या साधारण एक तृतीयांश भागावरचे नाजूक अस्तर काढतात आणि तो भाग एकमेकांना टाके घालून जोडतात. जोड धरला की मागचा उरलेला भागच कंप पावतो. बाहेर व्रण राहत नाही आणि चढलेला सूर बहुधा टिकतो, म्हणून आज अनेक शल्यचिकित्सकांचा कल इकडे आहे. त्यानंतर एक-दोन आठवडे पूर्ण मौन आणि मग कित्येक महिने आवाजाचे व्यायाम. टाके निसटू शकतात, आवाज घोगरा होऊ शकतो, खालचे सूर जातात आणि, जे मला सर्वांत टोचते, आवाजाचा जोर कमी होतो. पुढे कधी भूल घ्यावी लागली, तर श्वासनलिकेत घालायची नळी लहान लागेल हेही आधी सांगावे लागते.

खुंटी पिळण्याची रीत जपानच्या इशिकी यांची. १९७४ साली त्यांनी स्वरयंत्राच्या कूर्चांवरील शस्त्रक्रियांचे चार प्रकार मांडले; त्यांतला चौथा प्रकार हा. गळ्यावर बाहेरून छेद घेऊन पुढची मोठी कूर्चा आणि तिच्याखालची कड्यासारखी गोल कूर्चा टाक्यांनी जवळ बांधतात, त्यामुळे तंतू ताणले जातात. पण उंच सूर काढताना एरवी जो स्नायू हे काम करतो, त्याला मग करायला काही उरत नाही. आवाज वरच्या एका पट्टीत अडकतो, आणि कालांतराने बांधणी सैल पडून पुष्कळदा पुन्हा उतरतो. पिळलेली खुंटी सरकतेच, हे वीणा लावणाऱ्याला नवे नाही. ही रीत मी वहीतून खोडली.

लेसरने तंतू झिजवण्याचा प्रकारही आहे. व्रणामुळे तंतू ताठ होण्याची भीती असल्याने त्यावर मी फार वेळ घालवला नाही. कंठमणी तासून घेण्याचा तर आवाजाशी संबंधच नाही. उलट जास्त तासले आणि तंतू जिथे चिकटलेले असतात ती जागा सुटली, तर आवाज आणखी खाली जातो. 

शिवाय या तिन्ही वाटांनी तार बदलते, भोपळा तोच राहतो. घसा आणि तोंड यांच्या पोकळीतला घुमारा सरावानेच बदलावा लागतो. वर्षभराच्या सरावाने माझा आवाज मोबाईलच्या अ‍ॅपवर १२८ हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला इतकी कंपने) १७५ पर्यंत गेला आहे. बायकांचा आवाज साधारण १८० ते २२० च्या आसपास असतो, म्हणजे फार दूर नाही. परंतु खोकला, शिंक, झोपेतून उठून दिलेली पहिली हाक यांत जुना आवाज बाहेर येतोच, आणि शस्त्रक्रियेचे आकर्षण मला तेवढ्यासाठीच आहे.

अडचण आईची आहे. सव्वीस वर्षे तिने यंत्रमागांच्या खडखडाटात काढली. अशा गोंगाटाने कान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतात, म्हणजे ‘स’, ‘श’सारखी अक्षरे पुसट होतात आणि माणूस उरलेल्या आवाजाच्या जोरावर शब्द ओळखतो. घरात माझे बोलणे तिला कळते ते या जोरामुळे. तोच कमी झाला तर?

आज संध्याकाळी मी एक प्रयोग केला. आई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होती. स्वयंपाकघरातून सरावातल्या हळू आवाजात विचारले, “आई, भाकरी टाकू का?” उत्तर नाही. त्याच आवाजात थोडा जोर लावून पुन्हा विचारले. टरफले मोडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. तिसऱ्यांदा छातीतून जुना आवाज काढला.

“अगं, ओरडतेस कशाला? ऐकू येतंय की,” ती म्हणाली.

डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत जोराचा प्रश्न पहिला घातला आहे. त्याखाली आईच्या श्रवणयंत्राची चौकशी, आणि तिला गुरुवारी सोबत न्यावे का, हेही.